वाटसरूंना छप्पर देणाऱ्या गाडगेबाबांनी शेवटचा श्वाससुद्धा रस्त्यातच घेतला...

आज वाशीमहून पंढरपूरला जायचं म्हटलं तर आपण काय करतो? मोबाईल काढतो, मॅपवर किलोमीटर बघतो, लॉजचे फोटो बघतो, रेटिंग बघतो आणि खोली बुक करतो. जास्तीत जास्त डोक्याला ताप काय, तर एसी घ्यायचा की नॉन-एसी.

पण शंभर-सव्वाशे वर्षांमागे जा. पंढरपूरला नाही, अगदी जवळ पोहरादेवीला निघालाय. खांद्यावर गाठोडं, त्यात भाकरी आणि थोडा शिधा. पाय दुखायला लागलेत आणि अंधार पडलाय. आता झोपायचं कुठं?

या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोण आहात यावर ठरायचं.

सरकारी साहेब असाल तर डाक बंगला होता. व्यापारी असाल तर ओळखीच्या पेढीवर सोय व्हायची. वरच्या जातीतले असाल तर गावातलं देऊळ, चावडी नाहीतर कुणाची तरी ओसरी मिळायची. पण गरीब असाल आणि त्यातही अस्पृश्य मानलेल्या जातीतले असाल, तर गावाबाहेरचं झाड हेच तुमचं लॉज.

हा प्रश्न ज्या माणसानं आयुष्यभर उरावर घेतला तो वऱ्हाडातलाच. शाळेत न गेलेला, अंगात चिंध्या घालणारा, पैशाला हात न लावणारा. त्याचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर.

सगळा महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणतो.

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला खराटा आठवतो, स्वच्छता अभियान आठवतं. ते बरोबरच आहे. पण बाबांचं अजून एक मोठं काम होतं. वाटेवरच्या माणसाला रात्रीचं छप्पर मिळवून देण्याचं. आज गोष्ट त्या कामाची.

दारूनं बाप गेला आणि सावकारानं शेत नेलं

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथं डेबूजींचा जन्म झाला. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं हे गाव. घर परीट समाजाचं. वडील झिंगराजी, आई सखुबाई.

वडिलांना दारूचं व्यसन लागलं आणि त्यातच ते गेले. डेबूजी तेव्हा लहान होते. सखुबाई पोराला घेऊन माहेरी आल्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावात. हा भाग म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्याची वेसच. मूर्तिजापूरहून निघालं की पुढं कारंजा.

मामा चंद्रभानजींच्या घरी डेबूजी वाढले. गुरं राखली, नांगर धरला, शेतीत असे काही रमले की त्यांच्या कामाची पंचक्रोशीत चर्चा व्हायची. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं.

सगळं सुरळीत चाललेलं असताना मामांच्या शेतावर सावकाराची नजर पडली. घेतलेलं कर्ज, न कळणारे कागद आणि त्यावर उठवलेले अंगठे. शेत हातचं गेलं. मामांनी त्याचा धसका घेतला आणि ते गेले.

डेबूजींनी या दोन मृत्यूंमधून दोन धडे घेतले. दारू घर बुडवते. आणि अक्षर न ओळखणारा माणूस कागदावर लुटला जातो.

पहिला धडा त्यांनी घरातूनच अमलात आणला. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारूचं जेवण घालायची रीत होती. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. पाहुणे नाराज झाले, पण डेबूजी हटले नाहीत.

१९०५ : घर सोडलं, रस्ता धरला

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडलं.

याच साली आपल्याकडं अजून एक गोष्ट घडली. इंग्रजांच्या काळात वाशीम हा वेगळा जिल्हा होता. कागदोपत्री त्याचं नाव बासीम. १९०५ मध्ये तो मोडला, वाशीमचा भाग अकोला जिल्ह्यात घातला गेला आणि पुन्हा स्वतंत्र जिल्हा व्हायला थेट १ जुलै १९९८ उजाडावं लागलं.

डेबूजी निघाले तेव्हा त्यांच्याकडं काय होतं? हातात काठी आणि मातीचं एक फुटकं गाडगं. त्याच गाडग्यात जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं आणि ऊन लागलं की तेच डोक्यावर ठेवायचं. अंगावर ठिगळं जोडलेला कपडा, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा. लोक त्यांना कुठं गोधडेबुवा म्हणायचे, कुठं चिंधेबुवा. शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकलं.

बाबा वर्षानुवर्षं चालत राहिले. गावात शिरलं की आधी खराटा हातात घ्यायचा, रस्ते झाडायचे, गटारं मोकळी करायची. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेत कीर्तन. कीर्तनात ते समोरच्या लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढं बकरं कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला. भाषा वऱ्हाडी, त्यामुळं समोरच्याला ती थेट भिडायची.

सकाळ झाली की बाबा पुढच्या गावाला निघालेले असायचे.

या चालण्यातूनच त्यांना वाटसरूचे हाल कळले. वाटसरू कुठं झोपतो, कुठं पाणी पितो, कुठून हाकलला जातो हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. ते स्वतःच तसे झोपत होते आणि अनेकदा हाकललेही जात होते.

पहिलं काम : चिखलातला घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौष महिन्यात रविवारी तिथं यात्रा भरते. लोक नदीत आंघोळीला उतरायचे, पण काठावर उतार आणि चिखल. म्हातारीकोतारी माणसं घसरून पडायची.

बाबांनी आधी स्वतःच फावडं घेतलं आणि उतरायला वाट करायला लागले. ते बघून लोकही हाताला हात लावू लागले. १९०८ साली तिथं नदीवर पक्का घाट उभा राहिला. यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांसाठी, महारोग्यांसाठी अन्नदान सुरू झालं.

बाबांच्या पुढच्या सगळ्या कामांची पद्धत इथंच ठरली. आधी अडचण कुठं आहे ते बघायचं, मग स्वतः हात लावायचा, त्यानंतर लोकांना कामाला लावायचं आणि शेवटी पैसेवाल्यांकडून पैसा उभा करायचा.

अमेरिकेतल्या रस्त्यावर दारू, बाबांच्या धर्मशाळेत बंदी

रस्त्यावरचा मुक्काम हा फक्त आपल्याकडचा प्रश्न नव्हता. जिथं लांबचा रस्ता तिथं मुक्कामाची सोय लागतेच.

अमेरिकेचंच बघा. १७९५ साली तिथं फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा ६२ मैलांचा, म्हणजे साधारण १०० किलोमीटरचा पक्का रस्ता पूर्ण झाला. एका खासगी कंपनीनं तो बांधला आणि आजच्यासारखाच टोल लावला. रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड रोवले. गाडीवान, व्यापारी, गुरं हाकणारे या सगळ्यांसाठी थोड्या थोड्या अंतरावर खानावळवजा मुक्कामाची ठिकाणं उघडली. तिथं झोपायला जागा, घोड्याला चारा, माणसाला जेवण आणि दारू मिळायची. बऱ्याचदा मालकाचा खरा नफा दारूतच असायचा. ज्याच्या खिशात पैसे, त्याला तिथं जागा.

आपल्याकडं सराया होत्या, मुसाफिरखाने होते आणि धर्मशाळा होत्या. धर्मशाळा बांधणं हे पुण्याचं काम मानलं जायचं, त्यामुळं राजे, सरदार आणि सावकार त्या बांधायचे. वाटसरूनं यायचं, तीन दगडांची चूल मांडायची, शिधा रांधायचा, रात्र काढायची आणि सकाळी निघायचं. भाडं नाही किंवा असलं तर नावापुरतं.

म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाला पैसा लागायचा आणि आपल्याकडच्या मुक्कामाला जात लागायची. तीर्थाच्या गावी बऱ्याच धर्मशाळा ज्या-त्या जातीच्या होत्या. आपल्या जातीची धर्मशाळा नसेल तर दार बंद.

बाबांनी या दोन्ही अडचणींवर घाव घातला. त्यांच्या धर्मशाळांमध्ये पैशावाचून कुणाचं अडू नये हा हेतू होता. आणि दारूला तर जागाच नव्हती, कारण ती काय करते हे बाबांनी स्वतःच्या घरात बघितलं होतं.

मंदिराच्या तीस वर्षं आधी उघडलेलं दार

आता पंढरपूर.

आषाढी-कार्तिकीला लाखो माणसं तिथं येतात. ज्ञानोबा-तुकोबाच्या नावानं सगळे एकत्र चालतात. पण त्या काळी पंढरपूरात पोचलं की वाट फुटायची. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याला विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधी नामदेव पायरीजवळ आहे. तिथूनच हात जोडायचे आणि मागं फिरायचं.

आणि फिरून जायचं कुठं? मठ बंद, धर्मशाळा बंद. आषाढातला पाऊस डोक्यावर आणि चंद्रभागेचं वाळवंट पायाखाली. बायका-पोरं घेऊन आलेली माणसं त्याच वाळवंटात भिजत रात्री काढायची.

बाबा देवळात जाऊन विठ्ठलापुढं उभं राहणाऱ्यांतले नव्हते. ते पंढरपूरला यायचे, पण हातात खराटा घेऊन वाळवंट आणि रस्ते झाडायचे. त्यामुळं वाळवंटातली ही माणसं त्यांना रोज दिसत होती.

१९१७ साली बाबांनी पंढरपूरात धर्मशाळा उभारली. नाव दिलं चोखामेळ्याचं. जी माणसं पायरीच्या पुढं जाऊ शकत नव्हती, त्यांना त्यांच्याच संताच्या नावाचं छप्पर मिळालं.

आता तारखा जुळवून बघा. विठ्ठल मंदिर सगळ्यांसाठी खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते मे १९४७ मध्ये. त्यानंतर मंदिराचं दार उघडलं. म्हणजे देवाचं दार उघडायच्या तीस वर्षं आधी बाबांनी मुक्कामाचं दार उघडलं होतं.

इथं एक प्रश्न पडू शकतो. जात मोडा म्हणून सांगणारा माणूस जातीची ओळख सांगणाऱ्या नावाची धर्मशाळा का बांधतो? पंढरपूर-आळंदीला बाबांनी उभारलेल्या धर्मशाळांमध्ये मराठा धर्मशाळा आणि परीट धर्मशाळाही आहेत. हा विरोधाभास खरा आहे. पण त्या काळात सगळ्यांसाठी म्हणून बांधलेल्या जागेत सगळ्यात खालच्या माणसाला पाय ठेवू दिला जाईल याची खात्री कुणी देत नव्हतं. त्याच्या नावाची जागा असली की निदान त्याला तिथून कुणी उठवू शकत नव्हतं. जात मोडायचं काम कीर्तनात चालू होतं. पण पावसात भिजणाऱ्या माणसाला जात मोडेपर्यंत थांब म्हणून सांगता येत नाही.

पुढं ही चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्या वाटसरूंसाठी ती बांधली, त्यांची पोरं आता शिकणार होती. बाबासाहेब आणि बाबा यांचं नातं जिव्हाळ्याचं होतं. वयानं बाबा पंधरा वर्षांनी मोठे. एक परदेशातून पदव्या घेऊन आलेला, दुसरा अंगठेबहाद्दर. पण दोघांचं शिक्षणावर एकमत.

पैसा आला कुठून आणि गेला कुठं?

पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर, मुंबई. ठिकाणं वाढत गेली. १९२५ साली मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय असं एकत्र काम उभं राहिलं. एवढ्या दगडी इमारतींना पैसा लागतोच.

तो आला कीर्तनातून. पण बाबा कीर्तनाचे पैसे घेत नव्हते. पायावर डोकं ठेवायला आलेल्या माणसाला ते पाया पडू द्यायचे नाहीत. श्रीमंत माणूस काही द्यायला आला की त्याला एखादं काम दाखवायचे. कुणी धर्मशाळेसाठी जागा द्यायचं, कुणी खोल्यांचा खर्च उचलायचं, तर कुणी अन्नछत्राला धान्य पाठवायचं. गरीब माणूस काही देऊ शकत नसेल तर त्यानं दगड वाहायचे, माती उपसायची.

आणि या सगळ्या मालमत्तेचा मालक कोण? बाबा नाहीत.

बाबांनी संस्था विश्वस्तांच्या ताब्यात दिल्या. आपल्या घरच्या कुणाचाही, नात्यातल्या कुणाचाही यावर हक्क नाही याची कागदोपत्री सोय करून ठेवली. ज्या माणसाच्या मामाचं शेत कागदावरच्या अंगठ्यानं गेलं होतं, त्याला कागदाची ताकद चांगलीच कळलेली होती. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि महाराष्ट्रभर पसरलेली ही कामं एका छत्राखाली आली.

याची किंमत मात्र घरानं मोजली. कुंताबाई आणि मुलं साध्या झोपडीत राहिली. बाबांच्या नावावर इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा घरच्यांना त्यातली एक खोलीसुद्धा मिळाली नाही. मुलगा गोविंद अकाली गेला. ती बातमी बाबांपर्यंत पोचली तेव्हा ते कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. कीर्तन थांबलं नाही. यात कुणाला वैराग्य दिसेल, तर कुणाला कुंताबाईंवरचा अन्याय. पण हजारो लोकांना छप्पर देणाऱ्या माणसाची गोष्ट सांगताना त्याच्या स्वतःच्या घरचं छप्पर किती गळत होतं हे सोडून चालत नाही.

यात्रेकरूंकडून रुग्णांकडं

बाबांचं मोठेपण अजून एका गोष्टीत दिसतं. वाटसरू बदलला तसं त्यांनी कामही बदललं.

रेल्वे आली, एसटी आली. माणसं आता फक्त देवासाठी घराबाहेर पडत नव्हती, दवाखान्यासाठीही पडत होती. खेड्यातला माणूस आजारी पडला की त्याला मुंबईला न्यायचे. रुग्णाला खाट मिळायची, पण सोबत आलेल्या बायकोनं, आईनं, भावानं कुठं राहायचं? मुंबईत ना ओळख ना पैसा. ही माणसं दवाखान्याबाहेरच्या फूटपाथवर झोपायची.

म्हणजे पंढरपूरच्या वाळवंटातला माणूस आता मुंबईच्या फूटपाथवर आला होता. प्रश्न तोच होता, फक्त जागा बदलली होती.

१९५४ च्या सुमारास बाबांच्या प्रयत्नातून जे.जे. हॉस्पिटलजवळ रुग्णांच्या नातेवाईकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. तोवर बाबांचं वय पंचाहत्तरीच्या पुढं गेलं होतं.

शेवटचा प्रवास

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. बाबा तेव्हा आजारी होते. या बातमीनं ते आणखी खचले.

दोनच आठवड्यांनी बाबांची तब्येत फार बिघडली. नागरवाडीच्या भागातून त्यांना गाडीनं अमरावतीकडं आणलं जात होतं. रात्रीची वेळ. वलगावजवळ पेढी नदीचा पूल लागला आणि तिथंच, गाडीतच बाबांचा श्वास थांबला. तारीख होती २० डिसेंबर १९५६. वय ८०.

घर सोडल्यापासून एक्कावन्न वर्षं हा माणूस रस्त्यावर होता आणि गेलाही रस्त्यातच. अमरावतीत ज्या भागात त्यांची समाधी आहे, तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

पुढं सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, पोस्टानं तिकीट काढलं. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. वाशीम, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि अमरावती या पाचही जिल्ह्यांतल्या पोरांच्या डिग्रीवर आज शाळेचं तोंड न बघितलेल्या बाबांचं नाव असतं.

आणि धर्मशाळा? त्या चालू आहेत. मुंबईत दादरला बाबांच्या मिशनची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं राहतात. उपचार महिनोन् महिने चालतात आणि मुंबईत तेवढे दिवस लॉजवर काढणं शेतकऱ्याला परवडत नाही. रिसोड-मालेगावकडचा माणूस फाईल आणि पिशवी घेऊन तिथं पोचतो तेव्हा त्याला अगदी कमी पैशात खाट मिळते, जेवण मिळतं आणि त्याचं दुखणं समजणारी शेजारची माणसं मिळतात.

तुमच्या गावातलं कुणी टाटाला किंवा जे.जे.ला निघालं असेल, तर त्यांना या धर्मशाळांची माहिती नक्की सांगा. जागा मर्यादित असतात, त्यामुळं आधी चौकशी करून आणि दवाखान्याची कागदपत्रं सोबत घेऊनच निघायला सांगा.